ब्रेकच्या डिस्कचं प्रतिज्ञापत्र

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, डोंगरावरच्या मानिसालेस शहरातून खाली व्हियामारिया गावाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तिसऱ्या वळणावर माझ्या गाडीचा ब्रेक थरथरला. तारीख, वेळ आणि ठिकाण मी मुद्दाम सांगतोय. एकतीस वर्षं मी नोटरीच्या कचेरीत कारकून होतो, आणि या तीन गोष्टी नसलेली हकीकत आमच्या खिडकीवर कोणी घेत नसे. साक्षीदार एक: माझी नात मारियांहेल, वय वर्षं नऊ, केस ओले, मांडीवर पोहण्याची पिशवी, हातात चीज घातलेला अर्धा अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी.

"आजोबा, तुमचा पाय का थरथरतोय?"

"पाय नाही गं, रस्ता खराब आहे."

"रस्ता तर गेल्या महिन्यात नवा केलाय. तुम्हीच म्हणालात."

यावर मी रेडिओ लावला. पुढच्या वळणावर पेडल पुन्हा थरथरलं, स्टिअरिंगही डगडगलं, आणि उरलेला अरेपा पिशवीत पडला. संध्याकाळी आई ड्यूटीवरून घरी येताच साक्षीदाराने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. वर "आजोबा म्हणाले रस्ता खराब आहे" हेही सांगितलं.

तिची आई म्हणजे माझी मुलगी लीना. ती व्हियामारियात राहते आणि इस्पितळाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. गाड्यांच्या विषयावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण आपल्याकडे फक्त मतं असतात आणि तिच्याकडे उदाहरणं.

"पप्पा," ती दारातूनच म्हणाली, "ब्रेक नीट झाल्याशिवाय ही तुमच्या गाडीत बसणार नाही."

"अगं, किरकोळ आहे."

"किरकोळ आहे ना? मग पुढच्या शनिवारपर्यंत होईल. झालं की या."

आता या शनिवाराबद्दल थोडं सांगायला हवं. लीनाची शनिवारी ड्यूटी असते, म्हणून पोरीला वर मानिसालेसच्या तलावावर पोहायला न्यायचं काम माझ्याकडे. जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस, मध्ये काचेपलीकडे बसून बघायचं. त्या पन्नास मिनिटांत ती बोलते आणि मी गाडी चालवतो. बायको गेल्यापासून घरात माझ्याशी फक्त रेडिओ बोलतो. बाकी आठवडाभर लोक मला "काय, बरं आहे ना?" एवढं विचारतात आणि उत्तराच्या आत पुढे निघून जातात. म्हणजे प्रश्न ब्रेकचा नव्हता, पन्नास मिनिटांचा होता. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी जे केलं ते केलं.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी घरासमोर उभी करून, बॉनेट उघडून तिच्याकडे नुसता बघत राहिलो. मानिसालेसच्या आमच्या चिप्रे भागात बॉनेट उघडून रस्त्यावर उभं राहणं म्हणजे जाहीर सभेची नोटीस लावणं. पहिले आले ओविदियो. अठ्ठावीस वर्षं शहर बस चालवून निवृत्त झालेत, गुडघे बसलेत, पण मत अजून उभं आहे.

"राख," ते म्हणाले.

"कसली राख?"

"ज्वालामुखीची! मार्चमध्ये रात्रभर पडली नव्हती का? सगळ्या गाड्या पांढऱ्या. ती गेली पॅड आणि डिस्कच्या मधे, आणि काढले तिने ओरखडे. डिस्क उतरव, लेथवर घासून सपाट कर, वीस वर्षं बघायला नको."

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मालकीण दोन्या फाबिओला काळ्या कॉफीचे पेले घेऊन आल्या. त्यांचा मुद्दा निराळाच होता. "डॉन हिल्दार्दो, पोरीला बसने न्या की! बस थेट तलावापाशी थांबते."

आमच्याकडे पन्नाशी उलटली आणि अंगावर कोट असला की माणूस आपोआप डॉन, म्हणजे श्रीयुत, होतो, तशी बाई दोन्या. मी दोन्ही अटी पूर्ण करतो. अशा माणसाला बसने जायचा सल्ला द्यायचा नसतो. मी त्यांना म्हणालो की प्रश्न बसचा नाही, तत्त्वाचा आहे. त्या म्हणाल्या, "बरं बाई," आणि पेले उचलून गेल्या. त्या सगळ्या प्रकरणात कामाचं असं हे बसचं एकच वाक्य कोणी बोललं होतं, आणि ते मी तत्त्वावर घालवलं.

सोमवारी मी गाडी वेइमारच्या गॅरेजमध्ये नेली. पस्तिशीचा आहे, कानात बाळी, पण हात स्वच्छ धुऊन मगच मोजमाप घेतो. त्याने चाक काढलं, मायक्रोमीटर लावला, डिस्क फिरवून फिरवून आठ ठिकाणी मोजलं.

"हे बघा डॉन हिल्दार्दो. नवीन डिस्क बावीस मिलिमीटरची असते. इथे कडेला कोरलंय ते वाचा: कमीत कमी वीस. तुमची आहे वीस पूर्णांक सात, तीही सगळीकडे सारखी नाही. म्हणून पेडल थरथरतं."

"म्हणजे अजून सात दशांश शिल्लक आहे."

"आहे. पण घासायला गेलो की त्यातला अर्ध्याहून जास्त जाणार. मग पातळ डिस्क, आणि आपलं गाव असं उभं. उतारावर तापेल, तापली की पुन्हा वाकडी होईल. सपाट रस्त्याच्या गावात राहिला असतात तर म्हणालो असतो, घासा. इथे नव्या टाका. दोन्ही बाजूंच्या, पॅडसकट. दुपारी या, गाडी घेऊन जा."

दुपारी या! हीच गोष्ट मला खटकली. एकतीस वर्षांत मी कुठलंही काम दुपारपर्यंत झालेलं पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला नवीन डिस्क विकायच्या आहेत तोच माणूस जुनी डिस्क बाद ठरवतो, म्हणजे वादी आणि न्यायाधीश एकच. मी त्याला म्हणालो, "विचार करून सांगतो." वेइमारने चाक परत बसवलं आणि मोजणीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, त्यामुळे माझा संशय आणखी बळावला.

ओविदियो मला एलेआसारकडे घेऊन गेले. एलेआसार चाळीस वर्षं लेथ चालवतो. त्याच्या दुकानात सगळं काळं आहे: भिंत, मशीन, मांजर आणि तो. त्याने चाक काढून डिस्क व्हर्निअरमध्ये धरली, डोळे बारीक केले.

"एक हात निघेल यातून. आणखी एकदा घासून चालेल."

"नक्की?"

"मी काय खोटं बोलतोय?"

"वेइमार म्हणतो तापेल."

"तापेल! अहो, मी या गावातल्या अर्ध्या ट्रकच्या डिस्क घासल्यात. कोणी आलं का परत सांगायला, तापली म्हणून?"

त्या वाक्यात जे गंभीर होतं ते माझ्या लक्षात बरंच उशिरा आलं. तेव्हा माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या: दोन जाणकार, दोन उलट मतं. मी तिसरं मत घ्यायचं ठरवलं. मग चौथं. एक जण म्हणाला फक्त पॅड बदला. दुसरा म्हणाला डिस्कचं सोडा, गाडीच विका. एवढ्यात दोन शनिवार गेले. रोज संध्याकाळी मी लीनाकडे फोन करायचो आणि मारियांहेल विचारायची, "झालं का आजोबा?" मी म्हणायचो, "होतंय, राणी. अशा गोष्टी घाईने करायच्या नसतात."

लीना मागून ओरडायची, "त्यांना सांग, गाडीचा ब्रेक आहे, घटना दुरुस्ती नाही!"

शेवटी मला माझ्या पेशाला शोभेल असा मार्ग सुचला. एलेआसार तोंडाने सांगतो की डिस्क चालेल, तर त्याने ते शपथेवर लिहून द्यावं. नोटरीसमोर, शिक्क्यासह, अंगठ्याच्या ठशासह. तो कागद मी लीनाच्या हातात ठेवला की विषय संपला. हसू नका. आमच्याकडे जन्मापासून मरेपर्यंत माणूस शपथपत्रं करतच असतो. मी अविवाहित आहे, मी जिवंत आहे, हा कुत्रा माझाच आहे, या सगळ्याची मी स्वतःच्या हाताने शपथपत्रं टाईप केलीत. मग ब्रेकच्या डिस्कनेच काय घोडं मारलंय?

मसुदा करायला तीन दिवस लागले. मला स्वतःला तो फार आवडला होता. "मी, खाली सही करणार, एलेआसार दे हेसुस काताञ्यो, धंदा लेथकाम, राहणार मानिसालेस, कोणाच्याही दबावाखाली न येता शपथेवर लिहून देतो की, सदरहू डिस्क मी जातीने पाहिली व मोजली असून उपरोक्त डिस्क आणखी एकदा घासण्यास पात्र आहे, सबब हे प्रतिज्ञापत्र लिहून दिले असे."

एलेआसारला मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्याने मांजराला मशीनवरून खाली उतरवलं. मग म्हणाला, "सही करायला जेवणाच्या सुट्टीत येईन, पण डिस्क तुम्ही माझ्याकडेच घासून घ्यायची."

कचेरीत माझ्या जागी आता एक पोरगी बसते, पाओला. तिने मला ओळखलं, "डॉन हिल्दार्दो, तब्येत काय म्हणते?" असं विचारलं आणि उत्तराच्या आत ठशाचं यंत्र पुढे सरकवलं. एलेआसारने बोट टेकवलं. यंत्र लाल झालं. दुसरं बोट. लाल. दहाही बोटं झाली, अंगठे दोनदा झाले. पाओलाने ओलं फडकं दिलं, मलम दिलं, बोटावर फुंकर मारायला सांगितली.

"ठसा येत नाहीये," ती म्हणाली.

"येणार कसा?" एलेआसारने दोन्ही पंजे उताणे करून दाखवले. चाळीस वर्षं लोखंड घासता घासता बोटांवरच्या रेषाच घासून गेल्या होत्या. कातडी अशी गुळगुळीत की ट्यूबलाइट त्यात दिसत होती. रांगेतले लोक पुढे वाकून बघायला लागले. एलेआसारने हात खिशात घातले. त्याचा चेहरा पडला होता, आणि मी मात्र त्या वेळी नियम आठवत होतो.

नियम असा की ठसा नसलेल्या माणसाने आधी नोंदणी कचेरीतून ठसा नसल्याचा दाखला आणायचा. तिथे विचारलं तर दाखल्यासाठी डॉक्टरचं पत्र हवं. डॉक्टर म्हणाले, बोटं निरोगी आहेत, मी कसलं पत्र देऊ? मग दोन साक्षीदार, त्यांचे ठसे, आणि ओविदियोंच्या ओळखपत्राची मुदत गेलेली. यात आणखी तीन शनिवार गेले. या काळात कधीतरी मारियांहेलने फोनवर "झालं का?" विचारणं बंद केलं. ती शाळेचं सांगायची, थोडक्यात, आणि म्हणायची, "आईला देऊ?"

कागद हातात आला तेव्हा त्यावर चार शिक्के होते. मी कोट घालून बसने व्हियामारियाला गेलो. हो, बसने, थेट जाते ती. लीना नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय बादलीत सोडून बसली होती. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"पप्पा, या कागदाने गाडी थांबते का?"

"लीना, हे शपथेवर आहे."

"मी तुमच्याकडे ब्रेक मागितला होता," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला कागद आणलात." तिने तो नीट घडी करून परत दिला. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. मारियांहेल घरात नव्हती. कुठे गेली ते मी विचारलं नाही, कारण मी दुखावलो होतो.

दुखावलेला माणूस काम झपाट्याने करतो. दोन दिवसांत एलेआसारने दोन्ही डिस्क घासून दिल्या. चांदीसारख्या चकचकीत, जाडी वीस पूर्णांक दोन. वेइमारकडे बसवायला जाणं शक्य नव्हतं. ज्याचं मत धुडकावलं त्याच्याच दारात कसं जायचं? म्हणून ओविदियोंनी रस्त्यावरच, पावसाच्या भुरभुरीत, छत्री धरून मला सूचना दिल्या आणि मी कोट काढून डिस्क बसवल्या. चार दिवस गाडी लोण्यासारखी थांबली. पाचव्या दिवशी पेडलमध्ये अगदी बारीक थरथर जाणवली. मी ती मनावर घेतली नाही. सहाव्या दिवशी मात्र तिनेच मला मनावर घेतलं.

"आता एकच उपाय," ओविदियो म्हणाले. "सोळा जुलै."

सोळा जुलै म्हणजे कार्मेन मातेचा दिवस, ड्रायव्हर लोकांचा सण. गावातल्या यच्चयावत गाड्या फुगे आणि फुलं लावून मिरवणुकीने निघतात, हॉर्न ऐकून कान किटतात, आणि कॅथेड्रलच्या खालच्या वळणावर फादर उरिएल एकेका गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात. मी गाडी धुतली, दोन्या फाबिओलांनी आरशांना पिवळे फुगे बांधले. पुढे ट्रक, मागे केळीच्या घडांनी सजवलेली जीप, मध्ये मी आणि ओविदियो. सगळा रस्ता उताराचा आणि वेग पावलापावलाचा, म्हणजे सव्वा तास माझा पाय ब्रेकवर.

"काहीतरी जळतंय," ओविदियो म्हणाले.

"मेणबत्त्या असतील."

मेणबत्त्या नव्हत्या. उजव्या पुढच्या चाकातून धूर निघत होता, आधी धाग्याएवढा, मग चुलीएवढा. पेडल विटेसारखं कडक होऊन हादरत होतं. हँडब्रेक ओढून मी गाडी कशीबशी फादर उरिएलच्या बरोबर समोर थांबवली. फादर दयाळू आहेत आणि चटकन निर्णय घेतात. त्यांनी धूर पाहिला, हातातली पानांची डहाळी बाजूला ठेवली, आणि पवित्र पाण्याची अख्खी बादली माझ्या चाकावर ओतली.

चर्र झालं, आणि त्यातून खण्णकन एक आवाज आला. वाफ खाली बसल्यावर ओविदियोंनी वाकून पाहिलं. "डिस्कला तडा गेला," ते म्हणाले आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. डिस्क टाकायची की घासायची हा सवाल दोन महिन्यांनी निकाली निघाला होता. केळीवाल्या जीपने दोर बांधून मला ओढत खाली नेलं. मिरवणूक मोडू नये म्हणून मागचे सगळे हॉर्न वाजवतच होते आणि लोक मला हात करत होते. मीही हात केला. काय करणार?

दोर वेइमारच्या दारात सुटला. तो टोमणा मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने आरशाचे फुगे सोडून बाजूला ठेवले, चाक काढलं, तडकलेली डिस्क काढली आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा. डिस्क जिथे टेकते तिथे गंज. तारेच्या ब्रशने घासून काढायचा असतो. त्यावरच बसवलीत, म्हणून ती तिरकी फिरत होती."

"कागदावर हे कुठेच नव्हतं," मी म्हणालो.

"कागदावर कसं असेल, डॉन हिल्दार्दो? हे चाक काढल्यावर दिसतं." त्याने गंज घासला, दोन्ही बाजूंना नव्या डिस्क, नवे पॅड बसवले, शेजारी बसून मला गावाबाहेर दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक लावायला लावले. दुपारी साडेतीनला गाडी तयार होती.

शनिवारी, एकोणीस जुलैला, मी साडेआठलाच व्हियामारियाला पोचलो. गाडी दारासमोर अशी थांबली की मलाच कळलं नाही. लीना गणवेशात बाहेर आली.

"झालं," मी म्हणालो. "नव्या टाकल्या. दोन्ही बाजूंना. बस तू, दाखवतो."

"बरं केलंत पप्पा." ती गाडीकडे बघेना. "पण ती आता इसाबेलाच्या आईबरोबर जाते. तिघी मैत्रिणी मिळून जातात. सहा शनिवार झाले."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं? पहिले तीन शनिवार ती पिशवी घेऊन या पायरीवर बसायची. मी ड्यूटीला जाताना बसलेली, शेजारीण दहा वाजता आत बोलवायची. आजोबा घाईने करत नाहीत, पण येतात, असं सांगायची. चौथ्या शनिवारी मीच इसाबेलाच्या आईला फोन केला."

मला काय वाटलं ते मसुद्यात मांडता येण्यासारखं नाही. मला स्वतःची लाज वाटली, एवढंच लिहितो. ही पायरी, सकाळचा गारठा, आणि मी त्या वेळी कुठल्यातरी गॅरेजमध्ये तिसरं नाहीतर चौथं मत घेत असणार.

निळी गाडी आली. मागच्या सीटवर दोन मुली आधीच किंचाळत होत्या. मारियांहेल धावत बाहेर आली, मला बघून थबकली, आणि येऊन माझ्या कोटाला मिठी मारली. उंच झाली होती.

"आजोबा! गाडी झाली?"

"झाली. अजिबात थरथरत नाही."

तिने माझ्या गाडीकडे पाहिलं, मग निळ्या गाडीकडे. त्या दोघी तिला हाका मारत होत्या. तिला काय करावं कळेना, आणि नऊ वर्षांच्या पोरीला माझ्यामुळे असं उभं राहायला लागलेलं मला बघवेना.

"जा, जा," मी म्हणालो. "उशीर होईल."

"तुम्ही मागून या ना! मी आता पाठीवर पोहते, बघायला या."

"येतो."

ती गेली. निळी गाडी चढाला लागली आणि मी तिच्या मागे. वळणावर तिचे लाल दिवे लागले की मी ब्रेक लावायचो, आणि माझी गाडी मुकाट्याने थांबायची. सुरुवातीला मारियांहेलने मागच्या काचेतून दोनदा हात केला. मग मैत्रिणींनी तिला काहीतरी विचारलं असावं, ती वळून बोलायला लागली आणि तलाव येईपर्यंत बोलतच राहिली. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मी अंतर राखून गाडी चालवत होतो.